व्हीएम चालू आहे, पण बाहेरून लागत नाही: पॅकेट कुठे अडलंय ते शोधायची रीत

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आपल्या मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू सर्व्हर बसवला, लॉगिन केलं, आत सगळं ठणठणीत. मग आपल्या नेहमीच्या टर्मिनलवरून एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) मारलं आणि कर्सर नुसता लुकलुकत बसला. अशा वेळी बहुतेक जण आधी फायरवॉल बंद करतात. तरी लागलं नाही की नॅटचं ब्रिज करतात (व्हीएमच्या नेटवर्कचे हे मोड तिसऱ्या पायरीत येतील), मग आयपी हाताने टाकतात, मग सगळं रीस्टार्ट. अर्ध्या तासाने मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: माझं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) कुठपर्यंत पोचलं? तुमच्या मशीनवरून निघालेलं पॅकेट आधी होस्टच्या नेटवर्क कार्डाशी येतं, मग व्हर्च्युअल स्विचमधून गेस्टच्या कार्डात, तिथून गेस्टच्या फायरवॉलमधून शेवटी त्या पोर्टवर (म्हणजे सर्व्हिसच्या नंबर दिलेल्या दारावर) ऐकत बसलेल्या सर्व्हिसपर्यंत. उत्तरही तशीच वाट उलटी चालतं, आणि ती परतीची वाट नवखे हटकून विसरतात.

(होस्ट म्हणजे ज्यावर व्हीएम चालते ते खरं मशीन, गेस्ट म्हणजे व्हीएम. कमांड इथे फोनवरून एकमेकांना सांगतो तशा उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

पायरी १: कन्सोल उघडा

व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स, सगळ्यांत व्हीएमचा स्क्रीन थेट दाखवणारा कन्सोल असतो. त्याला गेस्टचं नेटवर्क लागत नाही. पुढची निम्मी तपासणी त्यातूनच करायची आहे, आणि नेटवर्कचा कुठलाही बदलसुद्धा तिथूनच करायचा. एसएसएचवर बसून फायरवॉलचे नियम बदलणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं.

कन्सोलवर मशीन बूट होतानाच अडकलेलं दिसलं, डिस्क तपासत बसलेलं किंवा पासवर्ड मागत थांबलेलं, तर प्रश्न नेटवर्कचा नाहीच. हसू नका, हे वरचेवर होतं.

पायरी २: एरर नीट वाचा

"कनेक्ट होत नाही" ही तक्रार झाली, लक्षण नव्हे. लक्षण एररच्या शब्दांत असतं आणि ते शब्द फार नेमके असतात.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच आलं तर खरं तर आनंद माना. पॅकेट कुठल्यातरी मशीनपर्यंत पोचलं आणि तिथून स्पष्ट नकार आला. बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हिस बंद आहे, पोर्ट चुकलाय, नाहीतर सर्व्हिस फक्त आतल्या आत ऐकतेय. काही फायरवॉलही मुद्दाम असा नकार देतात, पण आधी सर्व्हिस बघा. फक्त नकार देणारं मशीन तुमचंच आहे ना, याची खात्री करा. जुना आयपी दुसऱ्या कोणाला मिळालेला असू शकतो.

"कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे बराच वेळ वाट पाहून काहीच उत्तर नाही. पॅकेट वाटेत गिळलं गेलं किंवा उत्तर परत आलं नाही. फायरवॉलने मुकाट्याने टाकून दिलं, आयपी चुकीचा आहे, किंवा नॅटच्या आतला पत्ता तुम्ही बाहेरून विचारताय.

"नो रूट टू होस्ट" फसवं आहे. त्याच सबनेटमधल्या (स्थानिक नेटवर्कच्या एकाच तुकड्यातल्या) पत्त्यासाठी आलं, तर सहसा त्या आयपीचं मशीन शेजारी सापडलंच नाही, एआरपीच्या ("हा आयपी कोणाचा?" अशा) हाकेला कोणी ओ दिली नाही, असा अर्थ. पण गेस्टमध्ये फायरवॉलडी (रेडहॅटच्या घराण्यातला फायरवॉल) असेल तर पोर्ट बंद असतानाही लिनक्स क्लायंटवर हाच मेसेज दिसतो, कारण तो फायरवॉल नकार आयसीएमपीने (पिंग ज्यावर चालतं त्या निरोपांच्या प्रोटोकॉलने) कळवतो. पिंग लागतं आणि एसएसएच "नो रूट" म्हणतं, असं विचित्र दृश्य दिसलं की रूट शोधत बसू नका, फायरवॉलडी बघा.

"परमिशन डिनाइड" आलं तर नेटवर्कचं काम झालेलं आहे. आता पासवर्ड, एसएसएच-की आणि युजरचं नाव बघायचं. हा लेख तुमच्यासाठी इथेच संपला.

पायरी ३: व्हीएम कुठल्या नेटवर्कवर आहे?

नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथेच सुटतात, म्हणून जरा निवांत बसू.

व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अडॅप्टर कुठल्या मोडमध्ये आहे ते बघा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपण काही न बदलता व्हीएम बनवली तर ती नॅटवर असते. नॅटमध्ये गेस्ट बाहेर जाऊ शकतो, अपडेट उतरवतो, पिंगही लागतं, त्यामुळे नेटवर्क चालू आहे असा समज होतो. पण बाहेरून आत यायला दारच नसतं. गेस्टमध्ये पत्ता दिसतो १०.०.२.१५, गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२. दुसरी व्हीएम बनवा, तिलाही १०.०.२.१५ च दिसेल. यात गडबड काही नाही, प्रत्येक व्हीएमला स्वतःची वेगळी नॅटची खोली मिळते. होस्टवरून १०.०.२.१५ ला पिंग मारून काही हाती लागत नाही, कारण होस्टच्या लेखी तो पत्ता अस्तित्वातच नाही.

मग करायचं काय? तीन मार्ग आहेत.

नॅट ठेवून पोर्ट फॉरवर्डिंग. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं (होस्टच्या पोर्टवर आलेलं गेस्टच्या पोर्टकडे पाठवण्याचं) बटण असतं. तिथे होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२ अशी ओळ घाला आणि होस्टवरून १२७.०.०.१ ला, पोर्ट २२२२ वर एसएसएच करा. इथे एक खाचखळगा आहे. या वाटेने जोडणी आधी व्हर्च्युअलबॉक्स स्वतः स्वीकारतो आणि मग आत पाठवतो. म्हणून गेस्टमध्ये एसएसएच बंद असेल तर "रिफ्यूज्ड" न येता जोडणी लागल्यासारखी होऊन लगेच तुटते. आणि "रिफ्यूज्ड"च आलं तर फॉरवर्डिंगची ओळच चुकली आहे किंवा व्हीएम चालू नाही.

ब्रिज मोड. गेस्ट तुमच्या खऱ्या नेटवर्कवर स्वतंत्र मशीनसारखा उभा राहतो, राउटरकडून स्वतःचा आयपी घेतो आणि नेटवर्कवरच्या सगळ्यांना दिसतो. सर्व्हर म्हणून वापरायचं असेल तर हाच सरळ मार्ग. अट एकच, ब्रिज बरोबर कार्डाशी जोडलेला हवा. लॅपटॉपवर वायरचं कार्ड, वायफाय आणि व्हीपीएनचं आभासी कार्ड अशी तीन नावं असतात आणि वायर काढून वायफायवर गेलात तरी ब्रिज बिचारा वायरच्या कार्डालाच चिकटून असतो.

होस्ट-ओन्ली. फक्त होस्ट आणि गेस्ट एकमेकांना दिसतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये साधारणपणे होस्टचा पत्ता १९२.१६८.५६.१ असतो आणि गेस्टला त्याच रांगेतला मिळतो. शिकण्यासाठी मला स्वतःला पहिलं कार्ड नॅट आणि दुसरं होस्ट-ओन्ली ही जोडी सगळ्यांत बिनत्रासाची वाटते. बाहेर जायला एक, आत यायला दुसरं, आणि वायफाय बदललं तरी आतला पत्ता तोच.

इतर ठिकाणी नावं बदलतात, गोष्ट तीच. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये व्हीएमनेट० ब्रिज, व्हीएमनेट१ होस्ट-ओन्ली आणि व्हीएमनेट८ नॅट. लिनक्सवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट (लिनक्सची व्हीएम चालवायची सोय) असेल तर डिफॉल्ट नेटवर्क १९२.१६८.१२२ च्या रांगेत असतं आणि तेही नॅटच, फक्त होस्टवरून मात्र गेस्टचा पत्ता थेट लागतो. हायपर-व्हीमध्ये एक्स्टर्नल, इंटर्नल आणि प्रायव्हेट असे स्विच असतात. बाहेरच्यांना दिसायचं तर एक्स्टर्नल लागतो. क्लाउडवर व्हीएम असेल तर गेस्टच्या आत सहसा खाजगी पत्ताच दिसतो, सार्वजनिक आयपी बाहेर बसवलेला असतो. तिथे सिक्युरिटी ग्रुपमध्ये (क्लाउडच्या बाहेरच्या फायरवॉलमध्ये) पोर्ट उघडलाय का, हे सगळ्यांत आधी बघा.

पायरी ४: गेस्टच्या आत बघा

कन्सोलवर "आयपी, स्पेस, ए" चालवा. दोन गोष्टी बघायच्या: कार्डापुढे "अप" आहे का, आणि "इनेट"पुढे पत्ता आहे का.

"नो-कॅरियर" दिसलं तर वायर काढलेली आहे. आभासी कार्डाला कसली आलीय वायर, असं म्हणाल, पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये "केबल कनेक्टेड" आणि व्हीएमवेअरमध्ये "कनेक्टेड" अशी टिकमार्कची चौकट असते आणि ती कधीतरी रिकामी सापडते.

पत्ताच नसेल, किंवा विंडोज गेस्टमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा असेल, तर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडून काही मिळालं नाही. ब्रिज चुकीच्या कार्डावर असण्याची शक्यता इथे मोठी. लिनक्समध्ये दुसरंही एक कारण असतं: व्हीएम एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात हलवली की कार्डाचं नाव बदलतं. व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३ असलेलं कार्ड व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३ होतं, आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये जुनंच नाव लिहिलेलं राहतं. फाइल बरोबर, कार्ड बरोबर, दोघांची ओळख मात्र नाही.

मग "आयपी, स्पेस, रूट", म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने निघतात त्याची यादी. "डिफॉल्ट व्हाया" अशी ओळ हवी आणि ती एकच असली तर बरं. गेस्टला दोन कार्डं असतील आणि दोन्हींकडून डिफॉल्ट रूट आला असेल, तर मजा होते. पॅकेट ब्रिजच्या कार्डावरून आत येतं, उत्तर नॅटच्या कार्डावरून निघतं आणि कुठेतरी हरवतं. याचं लक्षण ओळखून ठेवा: त्याच सबनेटमधल्या मशीनवरून सगळं लागतं, दुसऱ्या सबनेटवरून टाइम आउट.

शेवटी गेस्टमधून गेटवेला पिंग, आणि होस्टवरून गेस्टला पिंग. पिंग लागलं तर उत्तम. नाही लागलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. विंडोजचा फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये पिंगला उत्तर देत नाही, क्लाउडवरही ते बरेचदा बंद असतं, आणि क्यूईएमयू या व्हीएम सॉफ्टवेअरच्या युजर मोडमध्ये आतून बाहेर वेबपान उघडतं पण पिंगचा भरवसा नसतो.

पायरी ५: सर्व्हिस ऐकतेय का, आणि कोणाचं?

"सुडो, स्पेस, एसएस, स्पेस, डॅश टी एल एन पी". टीसीपीवर ऐकणाऱ्या सगळ्या सर्व्हिसची यादी येईल. तुमचा पोर्ट त्यात नसेल तर फायरवॉलकडे वळूच नका, आधी सर्व्हिस सुरू करा.

पोर्ट असेल तर त्याच्या डावीकडचा पत्ता वाचा. ०.०.०.०:२२ म्हणजे सगळ्या कार्डांवर ऐकतेय. १२७.०.०.१:३३०६ म्हणजे फक्त गेस्टच्या आतल्यांचं ऐकणार, बाहेरून कोणी कितीही हाका मारल्या तरी नकार. डेटाबेसवाले इथे हमखास अडकतात. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये लोकलहोस्टवरच ऐकतो, उबुंटूवरचा मायएसक्यूएलही तसाच येतो. घरात बसून मारलेल्या हाका घरातच ऐकू येतात, तसं गेस्टमध्ये टेस्ट केलं की सगळं चालतं आणि बाहेरून नाही. वेब डेव्हलपमेंटच्या छोट्या सर्व्हरचंही हेच, त्यांना सुरू करतानाच ०.०.०.० वर ऐक म्हणून सांगावं लागतं.

डेटाबेस सगळ्यांसाठी उघडण्याआधी मात्र थांबा. नुसतं तुम्हालाच बघायचं असेल तर एसएसएच टनेल (एसएसएचच्या जोडणीतूनच त्या पोर्टपर्यंत जाणं) पुरतं.

पायरी ६: फायरवॉल

उबुंटूवर "सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस", रेडहॅटच्या घराण्यात "सुडो फायरवॉल-सीएमडी, स्पेस, डॅश डॅश लिस्ट-ऑल". तुमचा पोर्ट यादीत आहे का ते बघा आणि नसेल तर तेवढाच उघडा. यूएफडब्ल्यू पहिल्यांदा चालू करताना आधी २२ पोर्टला परवानगी, मग "इनेबल". क्रम उलटा केलात तर पहिल्या पायरीतला कन्सोल आठवेल.

विंडोज गेस्टमध्ये नेटवर्क "पब्लिक" प्रोफाइलवर गेलंय का ते बघा. कार्ड बदललं की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतो आणि सावधपणे पब्लिक ठरवतो, मग काल चालणारा ३३८९ वरचा रिमोट डेस्कटॉप आज मुका होऊ शकतो.

पायरी ७: टीसीपीडंप

एवढ्यावर सुटलं नाही तर अंदाज बांधणं थांबवा आणि डोळ्यांनी बघा. टीसीपीडंप कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवतो. गेस्टच्या कन्सोलवर "सुडो, टीसीपीडंप, डॅश एन आय, कार्डाचं नाव, टीसीपी पोर्ट २२" चालू ठेवा आणि क्लायंटवरून एसएसएच मारा.

स्क्रीनवर काहीच हललं नाही, तर पॅकेट गेस्टपर्यंत आलेलंच नाही. गेस्टमधलं काहीही बदलू नका, दोष बाहेर आहे: मोड, ब्रिज, होस्टचा फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता.

चौकटी कंसात नुसता "एस" (जोडणीची विनंती) पुन्हा पुन्हा दिसतोय आणि उत्तर नाही, तर पॅकेट दारात आलं पण आत घेतलं नाही. टीसीपीडंप आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधीच बघतो, म्हणून टाकून दिलेलंही त्याला दिसतं. गेस्टचा फायरवॉल तपासा. तो निर्दोष निघाला तर उत्तर दुसऱ्या कार्डावरून जातंय का ते बघा.

"एस" आणि पाठोपाठ "आर"सह बिंदू म्हणजे गेस्टने स्वतः नकार दिला. पाचव्या पायरीवर परत. आणि "एस"ला "एस बिंदू" (विनंती मान्य) असं उत्तर जातंय, तरी क्लायंट थांबलेलाच, तर परतीच्या वाटेत अडलंय.

ही एक कमांड शिकायला दहा मिनिटं लागतात. मी ती फार उशिरा शिकलो.

सरळ रीतीत न बसणारे बिघाड

क्लोन. एका तयार व्हीएमवरून मी दोन क्लोन काढले, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) नवे दिले आणि दोन्ही चालू केले. पिंगला काही वेळ उत्तर येई, मग बंद, मग पुन्हा सुरू. एसएसएच मध्येच तुटे. संध्याकाळभर मी एसएसएचचं कॉन्फिगरेशन चाळत बसलो. शेवटी एकदा लॉगिन झालं तेव्हा प्रॉम्प्टवर नाव दुसऱ्याच मशीनचं! होस्टवर "आयपी, स्पेस, नेबर" दोनदा चालवलं, थोड्या अंतराने. आयपी तोच, मॅकचे शेवटचे आकडे वेगळे. दोन्ही क्लोनना एकच आयपी मिळाला होता.

मॅक वेगळा असताना हे कसं? उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे स्वतःची ओळख म्हणून मॅक न देता मशीन-आयडीवरून बनवलेली ओळख देतो, आणि क्लोनमध्ये मशीन-आयडी तीच राहते. उपाय म्हणजे क्लोन काढण्याआधी मूळ मशीनमधली ईटीसीतली मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची. फाइल पुसायची नाही, रिकामी करायची. पुढच्या बूटला नवी ओळख तयार होते. दोन मशीनचा एकच पत्ता असल्याचा संशय आला तर सोपी परीक्षा अशी: तुमची व्हीएम बंद करा आणि तिच्या आयपीला पिंग मारा. उत्तर आलं तर चोर सापडला.

वायफायवर ब्रिज. वायफायचा ॲक्सेस पॉइंट त्याच्याशी जोडलेल्या मॅकवरून आलेलंच घेतो, आणि ब्रिजमागे बसलेल्या व्हीएमचा मॅक वेगळा असतो. व्हर्च्युअलबॉक्स पॅकेटवरचा मॅक बदलून यातून मार्ग काढतो, पण प्रत्येक ठिकाणी ते जमतंच असं नाही. लिनक्सचा साधा ब्रिज तर वायफायवर चालतच नाही असं धरून चला. वायर लावा, नाहीतर नॅटवर या.

डॉकर. लिनक्स होस्टवर केव्हीएमच्या ब्रिजवरच्या व्हीएम छान चालत होत्या आणि डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) बसवल्यावर अचानक मुक्या झाल्या, तर योगायोग समजू नका. १.१३ आवृत्तीपासून डॉकर होस्टच्या फायरवॉलमधल्या फॉरवर्ड साखळीचं (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांचं) धोरण "ड्रॉप" करून ठेवतो आणि त्यात ब्रिजवरची पॅकेटंही सापडू शकतात. डॉकर-युजर नावाच्या साखळीत त्या ब्रिजला परवानगी देणारा नियम घाला.

व्हीपीएन. होस्टवर व्हीपीएन चालू केलं की गेस्ट गायब होतो? व्हीपीएनने त्याच रांगेचा रूट स्वतःकडे ओढला असेल. व्हीपीएन बंद करून एकदा बघा, आणि तोच दोषी निघाला तर होस्ट-ओन्लीची रांग बदलून टाका.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. जोडणी लागते, पण एसएसएच दोन्ही बाजूंच्या की-देवाणघेवाणीच्या टप्प्यावर थिजतं, वेबपान अर्धं येऊन थांबतं. छोटी पॅकेटं जातात, मोठी अडकतात. गेस्टवरून १४७२ आकाराचं, तुकडे करायची मनाई केलेलं पिंग मारा. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवले की इथरनेटचे नेहमीचे १५०० होतात. ते जात नसेल आणि १४०० चं जात असेल, तर वाटेत बहुधा टनेल (एका पॅकेटमध्ये दुसरं भरून पाठवणारी वाट, जसं व्हीपीएन) आहे. गेस्टच्या कार्डाचा एमटीयू तेवढा उतरवा.

लागल्यावर

ब्रिजवरच्या व्हीएमला राउटरमध्ये तिच्या मॅकवर आयपी राखून ठेवा. नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलेल आणि तुम्ही पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू कराल. तपासताना बंद केलेला फायरवॉल परत चालू करा.

आणि जुनी व्हीएम पुसून त्याच आयपीवर नवी उभारली असेल, तर एसएसएच मोठ्या अक्षरांत होस्टची ओळख बदलल्याचा इशारा देऊन आत सोडणार नाही. मशीन तुम्हीच बदललंय हे माहीत असेल, तर "एसएसएच-कीजेन, स्पेस, डॅश कॅपिटल आर, आयपी" अशी जुनी नोंद काढून टाका आणि पुन्हा जोडा. माहीत नसेल, तर नोंद तशीच ठेवून कन्सोलवर सर्व्हरच्या कीचा ठसा पडताळून बघा.